भाजावळ निळी झाली ते वर्ष

रत्नागिरीत दुष्काळाचं काम मिळालं, असं मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा बायको आधी हसली. "जतला दुष्काळ कमी पडला हुता व्हय? आता तिथं पावसात जाऊन हुडकताय?"

मलाही ते नीट कळलं नव्हतं. मी आलो तो जुलैत. इथं दिवस दिवस आभाळ दिसत नव्हतं, भिंतींना शेवाळ होतं, खोलीत ठेवलेल्या चामड्याच्या चपलेला आठ दिवसांत बुरशी चढली. अंथरूण कायम दमट. आणि हापिसात गेलं की मोठ्या पडद्यावर याच जिल्ह्याचा नकाशा, त्यावर कोरड्या जागा शोधायच्या. पुढं कळलं, इथलं पाणी थांबतच नाही. सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारावरून, ते वाहून जातं ते थेट खाडीला, समुद्राला मिळतं. मार्च संपला की वरच्या वाड्यांना टँकर लागतो. कुठल्या वाडीला आधी, कुठल्या वाडीला मागनं, ते ठरवायला उपग्रहाच्या फोटोवरून नकाशा रंगवायचा, एवढं आमच्या छोट्याशा हापिसाचं काम होतं. नकाशात जी वाडी नारिंगी, म्हणजे कोरडी, ती यादीत वर. जी निळी, म्हणजे ओल धरणाऱ्या जमिनीची, ती पार खाली.

मी खरं तर ड्रायव्हर म्हणून आलो. मिरजेच्या एका मालकाची गाडी हापिसानं भाड्यानं लावली होती आणि गाडीबरोबर मी. हापिस सांभाळणाऱ्या मॅडम नागपूरकडच्या, पन्नाशीच्या आत-बाहेर, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. आणि नकाशा रंगवणारा एक ऑपरेटर होता, लांज्याचा, पंचविशीतला, सदा हसरा. मी गाडी पुसून झाली की त्याच्या मागं उभा राहून बघायचो. तो म्हणायचा, "बसा वो दादा, ह्यात काय हाय? शेताचा बांध घालायचा तसा माऊस फिरवायचा." ऑगस्टात त्याला मुंबईत बरी नोकरी लागली आणि तो गेला. दुसरा माणूस मिळेना. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला येते नं हे थोडं थोडं? मंग बसा. मी आहो."

आठवी अर्धी झालेला माणूस मी. ज्या वर्षी आमची जनावरं चारा छावणीला गेली त्या वर्षी वडलांबरोबर मीही गेलो. परत आलो तेव्हा वर्ग पुढं गेला होता. मला कुणी बोलावलं नाही, मीही गेलो नाही. त्यानंतर तीस वर्षं मी खुर्चीवर बसलो तो स्टिअरिंगच्या मागं, नाहीतर लग्नात. त्यामुळं त्या फिरत्या खुर्चीवर बसताना मी आधी ती हातानं पुसायचो. मॅडम आत आल्या की उठायचो. त्या वैतागून म्हणायच्या, "किती वेळा उठता तुम्ही? माऊस हलते तिथं." पण माझं अंग आपोआप उठायचं. रात्री झोप धड लागायची नाही. उद्या कुणीतरी शिकलेला येईल आणि मला परत गाडीत पाठवतील, हे एक. आणि आपल्याला हे येतं असं समजून यांनी बसवलंय, ते खरं नाही हे यांना कळेल, हे दुसरं.

काम असं होतं. गेल्या एप्रिलचा फोटो पडद्यावर घ्यायचा. त्यात एक तुकडा निवडून त्याच्याभोवती रेघ ओढायची आणि सांगायचं, ही आंब्याची बाग, हा उघडा कातळ, हे सुकलेलं गवत, ही ओल धरणारी जमीन. असे पुष्कळ नमुने दिले की यंत्र त्यावरून शिकतं आणि बाकीचा तालुका आपला आपण रंगवतं. म्हणजे यंत्राचा मास्तर मी. हे आठवून एकटाच हसायचो, आणि लगेच भीती वाटायची.

बाग ओळखू यायची. कातळही. पण वाड्यांच्या आसपास काळे तुकडे दिसत होते. छोटे छोटे, घरांच्या जवळ, आणि एका सड्यावरच्या वाडीला तर चहूबाजूनं काळाभोर पट्टा.

आता आमच्याकडं जमीन दोन जातीची. माळ आणि काळी. माळावर मुरूम, पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी धूळ. काळी मात्र पाणी पोटात ठेवते. तिच्यावर शाळू पेरला की वर पाणी न देता नुसत्या ओलीवर येतो. आमच्या वडलांच्या वाट्याला माळ आला होता. बांधावर उभं राहून शेजाऱ्याच्या काळीकडं बघण्यात माझं लहानपण गेलं. वडील कधी कधी बांध ओलांडून वाकायचे, तिथली मूठभर माती घेऊन आवळायचे, मूठ उघडायचे. लाडवागत गोळा राहिला की म्हणायचे, "हाय. अजून हाय ओल." आणि तो गोळा परत तिथंच ठेवायचे, दुसऱ्याचा होता म्हणून.

तर ते काळे तुकडे बघून मला आनंद झाला. काय नशिबाची माणसं, म्हटलं. घराच्या दारात काळी! मी एकेकाभोवती सावकाश रेघ ओढली आणि निळा रंग दिला. मॅडमनी एकदा मागून विचारलं, "हे काळं काय आहे?"

"काळी जमीन, मॅडम. ओल धरती."

आयुष्यात दुसरं काही मी इतक्या खात्रीनं बोललो नसेन. त्यांनी मान हलवली. "आमच्याकडे पण अशीच आहे. काळी म्हटली का कापूस." आणि चहा प्यायला गेल्या. दोघंही लांबून आलेलो. दोघांच्याही डोळ्यांत आपापल्या गावची माती.

दिवाळीनंतर नकाशा तयार झाला. दिसायला सुंदर. एप्रिलमध्ये तो पुढं द्यायचा होता, त्याआधी थोड्या जागा प्रत्यक्ष जाऊन तपासायच्या होत्या. यंत्रानं ठिपके काढून दिले, ते मोबाईलमध्ये आले. त्या जागी जायचं, फोटो काढायचा, बरोबर की चूक ते दाबायचं. मॅडमची कंबर धरली होती, म्हणून मी एकटाच गेलो, हापिसची मोटरसायकल घेऊन.

हातखंब्याला चहा घेतला, लांज्याच्या बाजूला गेलो आणि मग आत वळलो. एप्रिलचं ऊन. सड्यावर सावलीला झाड नाही, जांभा दगड तव्यागत तापलेला. पाचवा की सहावा ठिपका त्या सड्यावरच्या वाडीत होता, नकाशात जी सगळ्यात निळी होती. मोबाईलवर मी आणि ठिपका एकमेकांवर आलो तेव्हा मी मोटरसायकल उभी केली. समोर काळी जमीन होती. चौकोनी, बांध घातलेली. मला बरं वाटलं. चला, हे तरी बरोबर.

पलीकडच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती. तिनं हाक मारली, "कोन वो तुमी? टँकरवाले काय?"

"न्हाय काकी. नकाशावाले."

"नकाशा? मंग टँकर कंदी येनार?"

"ते मला काय माहीत न्हाय. ही काळी कुणाची?"

"कंची काळी?" ती आली बांधापर्यंत. "ती आमची दाढ हाय. परवाच भाजली."

मला काही कळलं नाही. मी सवयीनं वाकलो, मूठभर घेतली, आवळली आणि मूठ उघडली. बोटांच्या फटीतून सगळं भुरभुर खाली गेलं. हातात काही उरलं नाही, तळहात तेवढा काळा झाला. राख होती.

शेजारच्या अंगणातून दुसरी एक बाई बघत होती, ती म्हणाली, "अगो, पावना राखुंडी नेताय काय दात घासायला?"

"नेऊ दे गो," काकी म्हणाली, "त्याच्या गावात पेष्ट मिळत नसल."

दोघी हसल्या. मीही हसलो, आणि दाढ म्हणजे काय ते विचारलं. काकीनं मग सांगितलं, पोराला सांगावं तसं. भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्याला दाढ म्हणतात. त्यावर शेण, झाडांची तोडलेली कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या, वाळका पातेरा, वर थोडी माती असं पसरायचं आणि पाऊस यायच्या आधी पेटवून द्यायचं. ती भाजावळ. प्रत्येक घराची असते. वाडीवाडीत असते. "आनी गेल्या वर्सी तर काय इचारू नका," ती म्हणाली. "वारा फिरला न् आख्खा सडा पेटला. इजवायला पानी कुठं होता? पाल्यानं झोडपून झोडपून इजवला."

गेल्या वर्षीचा एप्रिल. आमचा फोटोही गेल्या वर्षीच्या एप्रिलचा. त्या वाडीभोवतीचा काळाभोर पट्टा, ज्याच्याभोवती मी इतक्या मायेनं रेघ ओढली होती, तो जळलेला सडा होता. पाणी नव्हतं म्हणून जळलेला. आणि मी त्याला ओल म्हणून टाकलं होतं.

"बसा, पानी घ्या," म्हणून तिनं तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा आणला. मी तांब्या वर धरून, तोंड न लावता प्यायलो. अर्धा प्यायलो आणि परत दिला. ती आत गेली नाही. तिथंच ओटीवरच्या हंड्यावरचं झाकण काढलं, उरलेलं पाणी हळूच परत हंड्यात ओतलं आणि झाकण ठेवलं.

असं माझी आई करते. असं जतमध्ये आमच्या गल्लीत सगळ्या करतात. पाहुण्यानं वरून पाणी पिलं की उरलेलं हंड्यात जातं, झाडाला नाही. मी नऊ महिने या जिल्ह्यात होतो, पुष्कळ घरी पाणी प्यालो, पण हे इथं पहिल्यांदा पाहिलं.

"कुठनं आणता?" मी विचारलं.

"खाली पऱ्याव. उतरायला बरा, चढायला मराण." तिनं मान वळवून दाखवलं. सड्याच्या कडेवरून पायवाट खाली जंगलातल्या ओढ्याकडं, म्हणजे त्यांच्या पऱ्याकडं, उतरत होती. "दोन खेपा सकाळी, दोन सांच्याला."

मी मोबाईलवर 'चूक' दाबलं. बोटाची राख काचेला लागली.

परतीच्या वाटेवर मी दोनदा थांबलो. काम काही नव्हतं, नुसता थांबलो. ही एक वाडी नव्हती. यंत्राला मी शिकवलं होतं की काळं म्हणजे ओल, आणि त्यानं मन लावून शिकून तालुक्यातली सगळी भाजावळ निळी केली असणार. नकाशा सोमवारी जायचा होता. दिवस गुरुवार.

हापिसात पोचलो तेव्हा मॅडम निघाल्या होत्या. "झाले का पॉइंट?" म्हणाल्या. मी म्हटलं, "थोडे राहिलेत." हे खरंही होतं.

खोलीवर जाऊन लांज्याच्या ऑपरेटरला मुंबईत फोन लावला. ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "दादा! भाजावळ निळी केलाव तुमी? आमच्या आजोबाला सांगतो." मग हसणं थांबलं. "आवो पन, मी असतो तर एका मिन्टात बोल्लो असतो. तुमाला कसा ठाऊक असनार?" आणि जरा वेळानं, आवाज खाली करून, "बोलू नका मॅडमना. कोन बगतो? दोन-चार पॉइंट बरोबर दाबा न् सोडा. तुमची नोकरी जाईल फुकट."

त्यानं चांगल्या मनानं सांगितलं. मी तसं करणारही होतो, खोटं कशाला लिहू. पोरीची बारावी नुकतीच झालेली, पुढच्या शिक्षणाचा खर्च समोर, आणि माझा पाठीचा मणका गाडीवर आता बसू देत नाही. ती खुर्ची गेली तर मला दुसरी खुर्ची कुणी देणार नव्हतं. बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, हंड्यात पाणी परत ओतलं तेही.

"काय करू मग?" मी म्हटलं.

"खालनं पाणी कोण आणतंय? बाया ना?"

"बायाच."

"मग मला कशाला इचारताय?" म्हणाली, आणि भाकरी करपती म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी मॅडमच्या आधी पोचलो. खुर्ची पुसली नाही. उभाच होतो. त्या आल्या, चष्मा डोक्यावर, म्हणाल्या, "काय करून राहिले असे उभे? बसा."

"बसत न्हाय मॅडम. आधी ऐका."

मी सांगितलं. मूठ उघडून दाखवली, राख नव्हती तरी. मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, त्या वाडीवर गेल्या, मोठं करून पाहिलं.

"मलाही काळीच वाटली नं," शेवटी म्हणाल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला. आणि तुम्ही सांगितलं ते मला खरं वाटलं, कारण माझ्याही गावी तेच." मग कपाळ दाबत बसल्या. थकून. "पण राख आहे म्हणून पाणी नाही, असं मी लिहू शकत नाही. वाडी कोरडी आहे हे कशावरून म्हणता?"

मी पऱ्याची वाट सांगितली. मग हंड्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, टेबलावरच्या बाटलीकडं पाहिलं. कालचं उरलेलं पाणी त्या रोज सकाळी खिडकीतल्या कुंडीत ओतायच्या.

"हे कोणत्या कॉलममध्ये टाकू मी?" त्या म्हणाल्या. पण थट्टा नव्हती त्यात.

त्यांनी दार लावून फोन केला. मी बाहेर गाडीला टेकून उभा राहिलो. काचेतून ऐकू येत होतं ते एवढंच, "हो सर. हो सर. माझीच चूक सर." तीनदा तरी त्यांनी 'माझीच' म्हटलं. मला आत जाऊन सांगावंसं वाटलं, आणि पाय हलले नाहीत. त्या शब्दाचं ओझं अजून माझ्यावर आहे. कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर मी ते विसरलो असतो.

बाहेर येऊन म्हणाल्या, "दहा दिवस दिले. तेवढ्यात जमायला पाहिजे."

"मी परत गाडीवर जातो, मॅडम."

"मंग हे कोण करणार? भाजावळ तुम्ही पाहून आले, मी कुठं पाहिली? बसा."

मग दहा दिवस आम्ही तेच केलं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीचा फोटो एका बाजूला, एप्रिलचा दुसऱ्या. जो तुकडा फेब्रुवारीत पिवळा आणि एप्रिलात एकदम काळा, तो भाजलेला. एकेक काळा तुकडा काढून बघायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. रत्नागिरीचा तो दमट उकाडा, पंखा गरम वारा फेकायचा, पडद्याकडं बघून बघून भिंतीवरही काळे चौकोन दिसायचे. मॅडमनी कंबरेला पट्टा बांधला होता. आम्ही फार बोलत नव्हतो. एखादा खरा ओला तुकडा, पऱ्याच्या कडेचा, निघाला की त्या म्हणायच्या, "हा राहू द्या," आणि मला उगाच बरं वाटायचं. रंगांच्या यादीत एक नवा रंग आला, करडा. त्याच्यापुढं 'भाजावळ' हा शब्द मी टाईप केला. माझ्या हातचा नकाशातला तेवढा एक शब्द.

यंत्र पुन्हा चालवलं तेव्हा ती सड्यावरची वाडी नारिंगी झाली. आजूबाजूच्या आणखी वाड्याही झाल्या. नकाशा गेला. यादी लागली. मॅडमनी सांगितलं, वाडी आलीय, पण नकाशा उशिरा गेल्यानं आधीच्या काही गावांचे टँकर ठरून गेले होते. या वाडीला दोन दिवस सोडून एकदा. नमुने आधीच बरोबर असते तर कदाचित एक दिवसाआड मिळाला असता. हे त्यांनी मला सांगितलं नाही, ते माझं मी ओळखलं.

मेच्या मध्यावर पुन्हा तपासणीला गेलो. तोच ठिपका. या वेळी काकीनं लांबून ओळखलं.

"आलाव काय? आता राखुंडी शिल्लक नाय हां!"

"टँकर येतो का काकी?"

"येतो की. आज येनार हाय. मागच्या पाळीला आला नव्हता, गाडी बिघडली बोल्ले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती. टँकर कुणाच्या चुकीमुळं अडला होता, कशामुळं आला, हे तिला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. माफी मागायची म्हटलं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिला खेपेला जायचं होतं. टँकर येईपर्यंत एक खेप होतीच.

तिनं तांब्या दिला, गुळाचा खडा दिला. मी वरून अर्धं प्यायलो आणि तिच्या हाताकडं बघत राहिलो. ती हंड्याकडं वळली, थांबली. खळ्याच्या कडेला अबोलीचं एक वाळकं रोप होतं. तिनं तांब्यातलं थोडं पाणी त्याच्या बुंध्यात ओतलं. मग उरलेलं, हंड्याचं झाकण काढून, परत हंड्यात.

मी मोबाईल काढला. ठिपका उघडला. या वेळी बरोबर-चूक नव्हतं; 'कोरडी' आणि 'ओल धरणारी', दोनच पर्याय होते, मधला नव्हता. मी 'कोरडी'वर बोट ठेवलं. सेव्ह झालं का ते दोनदा बघितलं, आणि मोटरसायकलला किक मारली.